सरकारी दप्तरातला वांग

सरकारी फॉर्म भरताना माणसाने खरं तेच लिहावं, असं मी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हाताखालच्या लोकांना सांगत आलो. आता सांगत नाही. आता एवढंच सांगतो की फॉर्म बायकोबद्दलचा असेल तर तो घरी न्यावा, तिच्या हातात द्यावा आणि आपण पिशवी घेऊन सब्जी आणायला निघून जावं.

मी तो फॉर्म ऑफिसातच भरला. चौऱ्याण्णव सालचा सप्टेंबर होता, आम्ही तेव्हा लखनौला होतो. आमच्या खात्याने कुटुंबातल्या प्रत्येकाला दवाखान्याचं नवीन कार्ड द्यायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी प्रत्येकाच्या नावापुढे 'दृश्य ओळखीची खूण' असा एक कॉलम होता. माझ्या नावापुढे मी हनुवटीवरचा तीळ लिहिला. आमची लेक स्नेहा, तिच्या नावापुढे हातावरचा भाजल्याचा डाग लिहिला. सुनेत्राच्या नावापाशी पेन दोन सेकंद थबकलं, नाही असं नाही. पण साडेपाच वाजले होते, शिपाई पंखे बंद करत फिरत होता आणि मी माझ्या सुंदर अक्षरात लिहून टाकलं, 'दोन्ही गालांवर तपकिरी डाग'.

त्यात खोटं काहीच नव्हतं. स्नेहाच्या जन्मानंतर सुनेत्राच्या दोन्ही गालांवर वांग आला तो आलाच. एकोणीस वर्षं मी तो रोज पाहत होतो, म्हणजे आपण आपल्या घराची भिंत पाहतो तसा. माझ्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मनात काय आहे याला फॉर्ममध्ये कॉलम नसतो.

कार्डं आली. सुनेत्रा खोकल्याचं औषध आणायला आमच्या खात्याच्या दवाखान्यात गेली. तिथल्या कंपाउंडरला नवीन कार्डांचा नवा उत्साह होता. बाकावर वीस-बावीस माणसं बसलेली, त्यात आमच्या शेजारच्या नीलम सक्सेना वहिनी. त्याने कार्ड हातात धरून खणखणीत आवाजात वाचलं, "कानिटकर मैडम! दोनों गालों पर भूरे धब्बे! ज़रा देखें... हाँ, हैं। आइए।"

सुनेत्रा औषध न घेताच घरी आली. मी पेपर वाचत होतो.

"अहो, माझ्या चेहऱ्यावर नाक आहे?" तिने विचारलं.

"आहे की. चांगलं आहे."

"डोळे?"

"दोन्ही आहेत."

"आणि एकवीस वर्षांच्या संसारात तुम्हांला माझ्या तोंडावर लिहिण्यासारखं एवढं एकच दिसलं?"

"अगं, कॉलम ओळखीच्या खुणेचा होता. नाकाचा नव्हता."

हे बोलायला नको होतं, हे मला बोलता बोलताच कळलं.

"दुसरीही एक खूण होती," ती म्हणाली. "ती बरी नाही लिहिलीत."

मी पेपर जरा वर धरला. तिचा रोख डाव्या भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेकडे होता. त्या बाबतीत आमच्यात चौऱ्याहत्तर सालापासून मतभेद आहेत. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला सांगलीला गेलो असताना, तिच्या माधवदादाच्या कोऱ्या स्कूटरवरून मी तिला फिरायला नेलं आणि कृष्णेच्या पुलाजवळ आम्ही पडलो. माझं म्हणणं, मध्ये गाय आली. तिचं म्हणणं, गाय नव्हती. माधवदादाने ती स्कूटर आठ वर्षं नंबर लावून मिळवली होती, त्यामुळे गाईच्या प्रश्नाला सासरी बरंच महत्त्व होतं. वीस वर्षं मी गाईला सोडलेलं नव्हतं. असो, तो विषय वेगळा.

"ती ओळ खोडून आणा," सुनेत्रा म्हणाली. "ती ओळ आहे तोवर मी ते कार्ड हातात धरणार नाही आणि तुमच्या स्कूटरवरही बसणार नाही. मी मरेन तेव्हा कोणीतरी ते कार्ड बघून म्हणेल, हो, हेच ते भुरे धब्बे, न्या यांना."

तिचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी नेहमी करतो तेच केलं, दुसऱ्या दिवशी संबंधित सेक्शनला गेलो.

आमच्या खात्यात कार्डांचं काम अवस्थी नावाच्या बडे बाबूंकडे होतं. अवस्थी जातिवंत लखनवी माणूस. ते कोणाला नाही म्हणत नसत. ते इतक्या अदबीने काम अडवत की अडलेला माणूस आभार मानून बाहेर पडे.

"तशरीफ़ रखिए, कानिटकर साहब. पान?" त्यांनी फाईल उघडली. "वाह, क्या लिखावट है आपकी! मोती हैं, मोती।"

"अवस्थीजी, ही एक ओळ काटनी है," मी म्हणालो. लखनौत अठरा वर्षं काढूनही घाईत माझं हिंदी असंच होतं.

"निशान मैडम के चेहरे पर है?"

"है."

"तो हुज़ूर, काग़ज़ से कैसे जाएगा? चेहरे पर क़ायम और काग़ज़ पर ग़ायब, यह तो रिकॉर्ड में गड़बड़ी हो गई।" त्यांनी पानाचा डबा माझ्याकडे सरकवला. "आप ऐसा कीजिए, पहले चेहरे से हटवाइए। फिर डॉक्टर का सर्टिफ़िकेट, आपकी दरख़्वास्त और मैडम ख़ुद। हम मिलान करेंगे, उसी रोज़ बदल देंगे। बस इकतीस मार्च से पहले। उसके बाद रजिस्टर पाँच साल के लिए बंद।"

मी आभार मानून बाहेर पडलो.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा भडका उडेल अशी माझी अपेक्षा होती. सुनेत्रा भाजी निवडत होती. तिने एक गवार मोडली आणि म्हणाली, "ठीक. मग घालवा."

"कोण, मी?"

"लिहिला कोणी?"

अशा रीतीने बायकोच्या गालांवरचा वांग सहा महिन्यांत घालवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी इंजिनिअर माणूस. आयुष्यात पूल बांधले, गोदामं बांधली, गळकी टाकी दुरुस्त केली. म्हटलं, दोन गाल म्हणजे केवढंसं क्षेत्रफळ.

पहिलं जायफळ. आईच्या वेळेपासूनचा उपाय, दुधात उगाळून लावायचा. सहाणेवर मी स्वतः उगाळलं, आणि इंजिनिअर असल्यामुळे दीडपट उगाळलं. सकाळी सुनेत्राचे गाल तपकिरीचे लाल झाले. "आता 'लाल-तपकिरी' लिहा," ती म्हणाली. मग नीलम वहिनींनी कच्च्या बटाट्याच्या चकत्या सांगितल्या. त्या गालांवर ठेवून सुनेत्रा आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेली असताना आमच्या चीफ इंजिनिअरांच्या पत्नी दिवाळीची मिठाई घेऊन आल्या. घाईघाईने उठताना एक चकती मिठाईच्या डब्याच्या झाकणावर पडली. त्या बाईंनी मोठ्या मनाने तिकडे लक्ष दिलं नाही, पण मला पुढे दोन दिवस ऑफिसात डोकं वर काढवलं नाही.

स्नेहा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदी. ती म्हणाली, "पापा, आप लोग मम्मी की भाजी बना रहे हो। किसी डॉक्टर को दिखाओ ना यार।"

डॉक्टर म्हटल्यावर मला धैर्यशील आठवला. धैर्यशील निंबाळकर, हवाई दलात स्क्वॉड्रन लीडर, कातडीचा स्पेशालिस्ट, राहायला सरोजिनी नगरच्या बाजूला. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीला दरवर्षी भेटायचा. एका रविवारी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. मी स्कूटरवर, सुनेत्रा सवारीच्या टेंपोने. तो फाटकात उभा राहून आमच्या या वेगवेगळ्या येण्याकडे जरा बघत राहिला.

त्याने सुनेत्राला खिडकीपाशी बसवून गाल नीट पाहिले. "वहिनी, हा हट्टी प्राणी आहे," तो म्हणाला. "पूर्ण जाईल असं वचन देत नाही. पण एक आहे. जपानात कोणी डॉक्टर दुसऱ्याच आजारासाठी एक औषध देत होते, आणि पेशंटचे वांग फिके पडलेले त्यांना दिसले. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. आपल्याकडे ते रक्तस्राव थांबवायला वापरतात, वांगासाठी अजून कोणी फारसं देत नाही. तुम्हांला पायांच्या शिरांचा त्रास आहे, तेव्हा गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, त्याचा रक्त गोठण्याशी संबंध येतो. मी लोशन बनवायला लिहून देतो. दोन वेळा, पातळ, आणि बारा आठवडे धीर. आणि श्रीपादराव, खरं औषध सांगू? छत्री. ऊन लागलं की सगळं मुसळ केरात."

"ॲसिड?" सुनेत्राने विचारलं.

"नुसतं नाव तसं आहे, वहिनी. लिंबातही ॲसिड असतं."

चिठ्ठी घेऊन मी निशातगंजला एका जुन्या केमिस्टाकडे गेलो. त्याच्याकडे अजून औषध घोटून देण्याची सोय होती. संध्याकाळची सातची वेळ, दुकानात ही गर्दी. त्याने चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहब, यह तो लेडीज़ की दवा है।"

"मालूम है. लेडीज़ के लिए ही है."

"ज़्यादा जाता है क्या? कितने दिन से?" त्याचा आवाज त्या रस्त्यावरच्या टेंपोंवर मात करण्यासाठी घडवलेला होता.

"नहीं, नहीं. चेहरे के लिए."

"चेहरे से जाता है?"

दुकानातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंधरा मिनिटं खुलासा केला. लोशन तीन दिवसांनी मिळेल असं ठरलं. वळून पाहतो तो मागे नीलम वहिनींचे यजमान सक्सेनासाहेब हातात खोकल्याची बाटली घेऊन उभे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत आणि निघून गेले. त्या न बोलण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजल्यापासून आमच्याकडे बायका येऊ लागल्या. कोणी डाळिंबं आणली, कोणी चुकंदर म्हणजे बीट, एकीने पातळ खिचडी. सगळ्या सुनेत्राला उठू देईनात. "लेटी रहिए, भाभीजी." सुनेत्रा तेव्हा गॅसवर चकल्या तळत होती. दुपारी नीलम वहिनींनी तिचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "भाभी, हमारी मानिए, बच्चेदानी निकलवा दीजिए. हमारी जेठानी ने निकलवाई, अब देखिए, सीढ़ियाँ दौड़कर चढ़ती हैं।"

सुनेत्राला आधी काही कळेना. कळलं तेव्हा दोनच रस्ते उरले. एक तर कॉलनीला गर्भाशयाबद्दल समजतंय ते समजू द्यायचं, नाहीतर औषध गालांसाठी आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. म्हणजे जे कोणी उच्चारू नये म्हणून हा सगळा खटाटोप, तेच उच्चारायचं. तिने आठ बायकांसमोर सांगून टाकलं.

"चेहरे पर ऐसिड?" नीलम वहिनींनी माझ्या स्कूटरच्या रिकाम्या जागेकडे संशयाने पाहिलं. "वही जो बैटरी में डालते हैं? भाई साहब लाए हैं?"

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा टेबलावर डाळिंबांची रास होती आणि सुनेत्रा तिच्यापलीकडे बसली होती. "तुमच्या एका ओळीपायी," ती म्हणाली, "आज माझं आतलं-बाहेरचं काहीसुद्धा झाकलेलं राहिलं नाही." मी पुढचे आठ दिवस मुकाट्याने डाळिंबं सोलली. मला खरोखरच शरम वाटत होती आणि डाळिंबं सोलण्याव्यतिरिक्त ती दाखवायची कशी, हे मला माहीत नव्हतं.

लोशन आलं. बाटली साधी, पाण्यासारखी, वास ना रंग. आता कामाला काही पद्धत हवी म्हणून मी एक वही केली. प्रगती मोजायची कशी, हा प्रश्न होता. गेल्या वर्षी क्वार्टर रंगवताना ठेकेदाराने दिलेलं रंगांचं शेड कार्ड माझ्याकडे होतं, तपकिरीच्याच सत्तावीस छटा. ठरलं. दर रविवारी सकाळी आठ वाजता, पूर्वेच्या खिडकीपाशी, सुनेत्राने बसायचं आणि मी शेड कार्ड गालाला लावून नंबर लिहायचा. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उजवा गाल 'अक्रोड', डावा गाल 'शिसवी'.

"मी बायको आहे की कपाट?" सुनेत्राने विचारलं. पण बसली.

खरी परीक्षा उन्हाची होती. लखनौच्या हिवाळ्यात माणूस नोकरी करतो, जेवतो, झोपतो ते सगळं दुय्यम. मुख्य उद्योग ऊन खाणं. सगळी कॉलनी गच्चीवर. चटया, स्वेटरच्या सुया, शेंगांच्या पुड्या, मीठ लावलेले पेरू. त्यांत सुनेत्रा एकटी काळी छत्री उघडून, डोक्याला ओढणी गुंडाळून बसायची. उन्हात येऊन उन्हाला पाठ करणारी बाई लखनौने पाहिलेली नव्हती. "मम्मी, नीचे वाले अंकल पूछ रहे थे घर में कोई ग़मी हुई है क्या," स्नेहा म्हणाली. चार दिवसांनी सुनेत्राने गच्चीवर जाणं सोडलं. थंडीने काकडत खोलीत बसायची, अंगावर माझा कोट. वरून बायकांचं हसणं ऐकू यायचं. एकदा मी म्हटलं, "जा ना वर थोडा वेळ. एवढ्याने काय होतंय?" ती म्हणाली, "इकतीस मार्च." मी शेंगा आणल्या आणि तिच्याजवळ खोलीतच बसलो.

जानेवारीत धुकं पडलं. वहीत तीन रविवार ओळीने नोंद आहे, 'धुक्यामुळे निरीक्षण शक्य नाही'. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या वासंती काकूंनी प्रेमाने सुनेत्राच्या दोन्ही गालांना हळद फासली. लोशनवर ती अशी काही बसली की पुढच्या रविवारी गालांचा रंग माझ्या शेड कार्डातच नव्हता. तो बघायला पिवळ्यांचं पान काढावं लागलं.

पण फेब्रुवारीत ऊन पडलं आणि अक्रोडाचा बदाम झाला. मग शिसवीचा अक्रोड. मग एका रविवारी दोन्ही गाल 'बिस्किट'.

"दिसतंय काही?" सुनेत्राने विचारलं. पूर्वी ती हे रागाने विचारायची. हल्ली जरा हळू विचारायची.

"दिसतंय," मी म्हणालो.

मला बरंच काही दिसत होतं. एकवीस वर्षांत मी तिच्याकडे सलग पाच मिनिटं कधी पाहिलं होतं, मला आठवेना. कानापाशी केस पांढरे झाले होते. हसू दाबताना उजवीकडचा ओठ आधी हलत होता. आणि डाव्या भुवईवर, केसांच्या बटेखाली, चार टाक्यांची पांढरट रेघ स्पष्ट होती. दर रविवारी ती मला दिसे. वहीत मात्र मी तिची नोंद केली नाही.

चोवीस मार्चला सर्टिफिकेट, अर्ज आणि सुनेत्रा घेऊन मी अवस्थींसमोर हजर झालो. सुनेत्राने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. वांग पूर्ण गेला नव्हता, पण माहीत नसलेल्या माणसाला दिसला नसता.

अवस्थी उठून उभे राहिले. कार्डावरचा फोटो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला, चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. "भई वाह! कमाल है. कुछ नहीं बचा." त्यांनी कार्डावरची ओळ लाल शाईने खोडली. मी सुनेत्राकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांनी सुख दिसत होतं.

"अब?" अवस्थींनी पेन वर धरलं. "निशान क्या लिखें?"

"कुछ नहीं. ख़ाली छोड़िए," मी म्हणालो.

"कॉलम ख़ाली कैसे छोड़ दें, हुज़ूर? मैडम को पहचानेंगे कैसे?"

"फोटो है ना."

"फ़ोटो में तो धब्बे हैं। मैडम में नहीं हैं।" ते मनापासून हळहळले. "नियम से देखें तो यह मैडम, माफ़ कीजिएगा, कोई और हैं।"

"अहो, ही माझी बायको आहे!" मी मराठीत ओरडलो. मग हिंदीत ओरडलो.

"यह तो आप फ़रमा रहे हैं।"

मी काही बोलणार, इतक्यात सुनेत्राने शांतपणे केसांची बट मागे सारली. "यह लीजिए," ती म्हणाली. "यह पुराना है."

अवस्थी पुढे झुकले. "अरे, यह तो बहुत साफ़ निशान है! पक्का! जन्म से है या चोट है?"

"चोट."

"तो यह फ़ॉर्म में पहले क्यों नहीं लिखा गया?" ते माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली अदब थोडी कमी झाली. "ऑडिट पूछेगा कि तथ्य क्यों छिपाया. हलफ़नामा लगेगा, कानिटकर साहब. स्टांप पेपर पर, आपका. चोट कब लगी, कहाँ लगी, किस वजह से लगी. और नीचे मैडम के दस्तख़त कि बयान सही है. दोनों के बयान में रत्ती भर फ़र्क़ हुआ तो फ़ाइल वापस. सात दिन हैं आपके पास।"

ऑफिसच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक टायपिस्ट बसायचा. स्टांप पेपर आणला, त्याने तो मशीनमध्ये चढवला. मी बाकावर बसलो, सुनेत्रा माझ्या शेजारी, मांडीवर पर्स घेऊन, अगदी सरळ.

"बोलिए साहब."

मी बोललो. मी, श्रीपाद कानिटकर, वय एक्कावन्न, शपथपूर्वक. सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर, दिवाळी, मुक्काम सांगली. कृष्णेच्या पुलाजवळ. स्कूटर मी चालवत होतो, पत्नी मागे बसली होती. टायपिस्टची बोटं माझ्या पुढे पुढे धावत होती.

"आगे? सामने कुछ आ गया?" त्याला अनुभव होता.

मी सुनेत्राकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती टाइपरायटरकडे बघत होती. वीस वर्षं ती जे म्हणत आली होती, ते आज तिला म्हणायची गरज नव्हती.

मला तो पूल आठवला. नवी नवरी मागे बसलेली, आणि तिला माझं इंजिनिअरिंग कळावं म्हणून मी हँडलवरचा हात सोडून, मान वळवून, कमानीवर भार कसा वाटला जातो ते दाखवत होतो. मैलाचा दगड सरकारी असल्यामुळे जागचा हलला नाही. नंतर इस्पितळात तिला टाके घालताना तिने माझा हात धरला होता, आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, माधवदादाला काय सांगायचं.

"लिखो," मी म्हणालो. "चालक का ध्यान रास्ते पर नहीं था. हैंडल से हाथ छूटा हुआ था. गाड़ी मील के पत्थर से टकराई. ग़लती चालक की थी."

टायपिस्टने टाइप केलं.

"और लिखो, गाय नहीं थी."

त्याची बोटं थांबली. "साहब, जो थी ही नहीं, उसे क्यों लिखें?"

"लिखो, भैया."

त्याने लिहिलं. सुनेत्राने कागद हातात घेतला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि सही केली. सही करताना तिचा उजवीकडचा ओठ आधी हलला.

"तीन प्रती काढा," ती मला म्हणाली.

एक प्रत अवस्थींच्या फाईलला गेली. दुसरी सुनेत्राच्या कपाटात, पैठणीच्या घडीत आहे. तिसरी रजिस्टर पोस्टाने सांगलीला गेली. माधवदादाचं पोस्टकार्ड आठ दिवसांत आलं: 'प्रत मिळाली. आम्हांला तेव्हाही शंका नव्हती, पण स्टांप पेपरवर बरं वाटलं.'

मे महिन्यात लखनौचं ऊन ते लखनौचंच. छत्री वापरूनही सुनेत्राच्या गालांवर वांग पुन्हा किंचित उमटला. एका रविवारी आठ वाजता मी मुकाट्याने शेड कार्ड आणि बाटली घेऊन खिडकीपाशी गेलो. तिने चहा आणून दिला.

"बाटली राहू द्या," ती म्हणाली. "आता तो सरकारी नाही, घरचा आहे."

"मग मी उठू?"

"बसा की. बघायचं तर बघा."

संध्याकाळी आम्ही बाजाराला निघालो. स्कूटरवर, दोघंही. अलीगंजच्या चौकात वळताना अचानक डाव्या हाताच्या गल्लीतून एक गाय आली आणि रस्त्याच्या बरोबर मधोमध उभी राहिली. पांढरी, धष्टपुष्ट. मी दोन्ही हात हँडलवर ठेवून ब्रेक दाबला. स्कूटर तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागून सुनेत्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही बघा," ती म्हणाली. "गाय अशी असते."